लंडन ते सिडनी: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन आणि सिडनी यांच्यातलं अंतर शोधलं की एका सेकंदात आकडा समोर येतो. तिकीट काढायला बसलं की तो आकडा कुठेच जुळत नाही. एक विमान कंपनी साडेबावीस तास दाखवते, दुसरी एकतीस, आणि परतीच्या तिकिटावर तिसरंच काही असतं. खालचे प्रश्न याच गोंधळातून आले आहेत.

लंडन ते सिडनी हवाई अंतर नेमकं किती?

लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून सिडनीच्या किंग्सफर्ड स्मिथ विमानतळापर्यंत सुमारे १७,०२० किलोमीटर. मैलांत साधारण १०,५७० आणि सागरी मैलांत ९,१९०. वैमानिक सागरी मैलांतच बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अंतराच्या आकड्यापुढे नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असेल तर तो कुठला मैल, हे आधी बघा. अर्ध्याअधिक घोळ तिथेच होतो.

हे अंतर किती मोठं आहे, याचा अंदाज असा घ्या: पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून फार तर २०,००० किलोमीटरच्या आसपास दूर असू शकतात. त्याहून लांब जायला जागाच नाही, पुढे गेलात की जवळ यायला लागता. लंडनच्या बरोबर पायाखालचं, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचं ठिकाण न्यूझीलंडच्या आग्नेयेला भर समुद्रात येतं. सिडनी त्या ठिकाणापासून जेमतेम ३,००० किलोमीटर अलीकडे आहे.

मग प्रत्येक संकेतस्थळावर वेगळा आकडा का दिसतो?

कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. कुणी पृथ्वी चेंडूसारखी गोल धरतं, कुणी ध्रुवांपाशी किंचित चपटी. या सगळ्याने वीस-तीस किलोमीटरचा फरक पडतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही; विमान रोज त्याहून मोठा वळसा घेतं.

सर्वांत जवळची वाट रशियावरून जाते असं म्हणतात. नकाशावर तर ती अरबी समुद्रावरून दिसते!

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून लंडन ते सिडनी रेघ मारली तर ती भूमध्य समुद्राचं पूर्व टोक, अरबी समुद्र, मग हिंदी महासागर अशी जाते. ही रेघ सरळ दिसते, पण जवळची नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा करतो, त्यामुळे तिकडची वाट उगाचच लांबची वाटते.

पृथ्वीगोल घ्या आणि त्यावर दोरा ताणून धरा. दोरा लंडनहून निघाल्यावर आधी ईशान्येकडे चढतो. जर्मनी आणि डेन्मार्कची सीमा, लाटव्हिया, मग मॉस्कोच्या थोडं उत्तरेला साधारण ५७ अंश अक्षांशापर्यंत. तिथून तो खाली वळतो: कझाकस्तान, चीनचा शिनजियांग प्रांत, सिच्वानचा परिसर, दक्षिण चिनी समुद्र, इंडोनेशियाची बेटं, आणि शेवटी ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा ओलांडून क्वीन्सलंडवरून सिडनी. गणितात या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. १७,०२० किलोमीटर हा आकडा या दोऱ्याचा आहे, विमानाचा नाही.

विमानं या वाटेने जातात का?

नाही. या दोऱ्यावरून तंतोतंत आजवर कुठलंही प्रवासी विमान नियमितपणे उडालेलं नाही.

एक कारण म्हणजे मधे कुठेतरी इंधनासाठी उतरावं लागतं. दुसरं, आकाश सगळ्यांना सारखं उघडं नसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर ब्रिटनने रशियन विमानांना आणि रशियाने ब्रिटिश विमानांना आपलं आकाश बंद केलं. युक्रेनवरून तर नागरी विमानं जातच नाहीत. त्यामुळे लंडनहून पूर्वेकडे निघालेलं ब्रिटिश विमान तुर्कस्तान, कॉकेशस, कॅस्पियन समुद्र, मध्य आशिया अशा पट्ट्यातून वाट काढतं. आखातात तणाव वाढला की तिथलेही मार्ग बदलतात.

चिनी विमान कंपन्यांवर मात्र ही बंदी नाही. त्या अजूनही रशियावरून उडतात. म्हणून त्याच दोन शहरांमधल्या प्रवासाला एका कंपनीला जास्त वेळ लागतो आणि दुसरीला कमी. विमान जुनं आहे की वैमानिक संथ, असं काही त्यात नसतं.

लंडन ते सिडनी थेट विमान आहे का?

इथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. ‘नॉनस्टॉप’ म्हणजे मधे कुठेही न उतरता जाणारं विमान. ‘डायरेक्ट’ म्हणजे एकच फ्लाइट नंबर असलेलं विमान, जे मधे उतरूही शकतं. नॉनस्टॉप सेवा अजून सुरू झालेली नाही. डायरेक्ट आहे: क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीची सिंगापूरमार्गे जाणारी सेवा एकाच नंबरावर धावते. पण सिंगापूरला हातातलं सामान घेऊन सगळ्यांना खाली उतरावं लागतं, पुन्हा तपासणी होते आणि मग परत त्याच विमानात. ‘डायरेक्ट आहे, झोपून जाईन’ असं समजून बसलेल्याची रात्री झोपमोड ठरलेली.

एकूण वेळ किती धरावा?

एका थांब्याच्या चांगल्या प्रवासाला जाताना साधारण साडेबावीस ते चोवीस तास, येताना त्याहून तासभर जास्त. यातले एकवीस तासांच्या आसपास हवेत जातात. थांबा लांबला की एकूण आकडा तीस-बत्तीस तासांवरही सहज जातो. स्वस्त तिकिटं बहुतेक वेळा तिथेच सापडतात.

थांबा कुठे घेतला तर वाट कमी लांबते?

मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा प्रश्न सर्वांत मजेचा वाटतो, कारण उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं निघतं.

हाँगकाँग त्या ताणलेल्या दोऱ्याच्या जवळपास खाली येतं. लंडन ते हाँगकाँग सुमारे ९,६५० किलोमीटर आणि तिथून सिडनी सुमारे ७,४०० किलोमीटर. बेरीज केली तर जास्तीचं अंतर नगण्य. अर्थात हे कागदावर. रशिया टाळायचा असेल तर पहिला टप्पा बराच वाढतो.

सिंगापूर नकाशावर बरंच बाजूला वाटतं, पण सुमारे १०,९०० अधिक ६,३०० म्हणजे १७,२०० किलोमीटर. दोनएकशे किलोमीटरहून कमी फरक! विमानाला त्याला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. या वाटेवर सिंगापूर इतकी वर्षं का टिकून राहिलं, त्याचं अर्धं उत्तर या बेरजेत आहे.

दुबईमार्गे साधारण ५०० किलोमीटर वाढतात. दोन टप्पे फार असमान पडतात: आधी सात तास, मग चौदा. काहींना हे आवडतं, कारण दुसऱ्या टप्प्यात सलग झोप मिळते. पर्थमार्गे साडेसातशे किलोमीटरच्या आसपास वाढतात आणि असमानता उलट बाजूने येते. आधी जवळजवळ सतरा तासांचा टप्पा, मग ऑस्ट्रेलिया आडवी ओलांडणारं चार तासांचं विमान. लंडन–पर्थ हा टप्पा ऐकायला छोटा वाटला तरी तो एकटाच १४,५०० किलोमीटर आहे. मार्च २०१८ मध्ये बोईंग ७८७-९ विमानाने ही सेवा सुरू झाली, तेव्हा युरोप आणि ऑस्ट्रेलिया पहिल्यांदाच न थांबता जोडले गेले. एप्रिल २०२४ मध्ये पश्चिम आशियातल्या तणावामुळे वाट बदलावी लागली, तेव्हा पर्थहून लंडनला जाणारं हेच विमान काही काळ इंधन भरायला सिंगापूरला उतरत होतं. क्षमतेच्या काठावर उडणाऱ्या विमानाला थोडा वळसाही परवडत नाही.

उलट्या बाजूने, अमेरिकेवरून गेलं तर?

जाता येतं. लॉस एंजेलिसमार्गे २०,८०० किलोमीटर होतात, म्हणजे जवळजवळ ३,८०० जास्त. शिवाय अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं. अमेरिकेत काही काम असेल तरच.

१७,०२० ला ताशी ९०० ने भागलं तर १९ तास येतात. बाकीचे तास कुठे जातात?

भागाकार बरोबर आहे, गृहीतक चुकीचं. ताशी ९०० किलोमीटर हा वेग विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर पोहोचल्यावरचा. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो, आणि मधे थांबा घेतला की हे चढणं-उतरणं दोनदा होतं. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उतरण्याआधी घिरट्या, बंद आकाशाभोवतीचे वळसे हे सगळं मिळवा.

शिवाय तिकिटावर छापलेला वेळ हा उड्डाणाचा वेळ नसतो. विमान गेटवरून मागे सरकतं तिथपासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा तो वेळ असतो, आणि त्यात कंपन्या थोडी ऐसपैस जागाही ठेवतात. ‘विमान वीस मिनिटं आधी पोहोचलं’ या घोषणेमागे पुष्कळदा तेवढंच असतं.

जाताना कमी आणि येताना जास्त वेळ का लागतो?

वाऱ्यामुळे. मध्य अक्षांशांवर, दोन्ही गोलार्धांत, विमानांच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीड-दोनशे किलोमीटर असणं नेहमीचंच, हिवाळ्यात तो आणखी वाढतो. लंडनहून सिडनीला जाणं म्हणजे पूर्वेकडे जाणं, त्यामुळे वारा पाठीशी. परतताना तोच वारा छातीवर. वाट विषुववृत्ताच्या आसपासूनही जाते आणि तिथे हे वारे नसतात, म्हणून फरक तास-दीड तासावर थांबतो. अटलांटिक ओलांडताना आख्खा प्रवासच या वाऱ्यांच्या पट्ट्यात होतो. तिथे लहान अंतर असूनही तेवढाच फरक पडतो.

सोमवारी निघालो तर सिडनीला कोणत्या दिवशी पोहोचेन?

बहुतेक वेळा बुधवारी सकाळी. मंगळवार हवेतच जातो.

यासाठी दोन शहरांच्या घड्याळांतला फरक माहीत हवा, आणि तो वर्षभर सारखा नसतो. युरोपात हिवाळा असताना सिडनी लंडनच्या ११ तास पुढे, उन्हाळ्यात ९ तास पुढे. कारण एक शहर घड्याळ पुढे करतं तेव्हा दुसरं मागे करतं. पण दोघं एकाच दिवशी करत नाहीत. सिडनीचं घड्याळ एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, लंडनचं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चअखेर काही दिवस आणि ऑक्टोबरचा बहुतेक महिना फरक १० तासांचा असतो. त्या काळात फोन करताना लोक हमखास चुकतात.

जानेवारीतला हिशेब करून बघू. लंडनहून सोमवारी रात्री ८:३० ला निघालात, तेव्हा सिडनीत मंगळवारचे सकाळचे ७:३० वाजलेत. त्यात प्रवासाचे २३ तास मिळवा: बुधवार सकाळी ६:३०. परतताना सिडनीहून सोमवारी दुपारी ४ ला निघालात आणि २४ तास लागले, तर सिडनीत मंगळवारचे दुपारचे ४ वाजलेले असताना लंडनमध्ये मंगळवारचे पहाटेचे ५ वाजलेले असतील. जाताना गेलेला दिवस असा येताना परत मिळतो.

सिडनीला इतकी विमानं सकाळी सहानंतर लगेच का उतरतात?

सिडनी विमानतळावर रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी असते. १९९५ चा त्यासाठी वेगळा कायदाच आहे. विमानतळ वस्तीला लागून आहे आणि लोकांना झोप हवी. मोजके अपवाद सोडले तर त्या वेळेत प्रवासी जेट उतरत नाही. म्हणून आधीच्या विमानतळावरून निघण्याची वेळ अशी ठरवली जाते की सहा वाजून गेल्यावरच चाकं टेकावीत. वारा फार अनुकूल मिळाला तर वैमानिक वेग कमी करतात. तुमचा मधला थांबा (लेओव्हर) विचित्रपणे लांब दिसत असेल तर कधीकधी हेच कारण असतं.

पूर्वी या प्रवासाला किती वेळ लागायचा?

१९१९ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने १०,००० पौंडांचं बक्षीस लावलं: ब्रिटनहून ऑस्ट्रेलियापर्यंत ३० दिवसांच्या आत विमानाने येऊन दाखवा. रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ दोन यंत्रज्ञांना घेऊन व्हिकर्स व्हिमी या उघड्या कॉकपिटच्या दोन इंजिनी विमानातून १२ नोव्हेंबरला लंडनजवळच्या हाउन्स्लोहून निघाले आणि १० डिसेंबरला डार्विनला उतरले. अठ्ठावीस दिवसांहून थोडे कमीच. आणि हे फक्त ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत. सिडनी अजून हजारो किलोमीटर दूर होतं.

१९३८ मध्ये सिडनीच्या रोझ बे इथून इंग्लंडमधल्या साउदम्प्टनला उडत्या बोटींची सेवा सुरू झाली. पाण्यावर उतरायचं, रात्र हॉटेलात काढायची, सकाळी पुढे निघायचं. नऊ-दहा दिवसांचा प्रवास.

१ डिसेंबर १९४७ ला लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने सिडनीहून लंडनची नियमित सेवा सुरू झाली. डार्विन, सिंगापूर, कोलकाता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत चार दिवस लागले, त्यातले सुमारे ५५ तास हवेत. विमानात २९ प्रवासी होते आणि कर्मचारी ११. या वाटेला ‘कांगारू रूट’ म्हणू लागले, आणि ते नाव आजही वापरात आहे.

फेब्रुवारी १९८५ मध्ये कॉन्कॉर्डने लंडन ते सिडनी १७ तास ३ मिनिटांत गाठलं, तेही मधे इंधनाला थांबून. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान असूनही सतरा तास! थांबे वेळ कसा खातात, याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

न थांबता हे अंतर कुणी कापलंय का?

हो, पण पैसे भरलेले प्रवासी घेऊन नाही. ऑगस्ट १९८९ मध्ये क्वांटासचं नवं कोरं बोईंग ७४७-४०० लंडनहून सिडनीला २० तास ९ मिनिटांत न थांबता गेलं. विमान जवळजवळ रिकामं होतं, टाक्यांत नेहमीपेक्षा जास्त घनतेचं खास इंधन भरलं होतं, आणि ते वाचावं म्हणून विमान धावपट्टीपर्यंत ओढून नेलं होतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये बोईंग ७८७-९ ने हेच पुन्हा केलं, १९ तास १९ मिनिटांत. या वेळी पन्नासएक माणसं होती आणि त्यांच्या झोपेचा, हालचालीचा अभ्यास सुरू होता. त्या दिवशी विमान प्रत्यक्षात सुमारे १७,८०० किलोमीटर उडालं. दोऱ्याच्या आकड्यापेक्षा जवळजवळ आठशे जास्त.

मग नियमित नॉनस्टॉप सेवा कधी?

क्वांटासने यासाठी मे २०२२ मध्ये एअरबस ए३५०-१००० च्या खास आवृत्तीची १२ विमानं मागवली. योजनेचं नाव प्रोजेक्ट सनराइज. कंपनीने जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार सेवा २०२७ मध्ये सुरू व्हायची आहे. या विमानात २०,००० लिटरची जादा इंधनटाकी आहे आणि आसनं फक्त २३८. एरवी याच आकाराच्या विमानात तीनशेहून जास्त माणसं बसतात. वीस तासांहून लांबच्या या उड्डाणाने एका थांब्याच्या तुलनेत चार तासांपर्यंत वाचतील, असा कंपनीचा दावा आहे.

आसनं कमी का, तर वजनामुळे. लांब जायला जास्त इंधन लागतं, आणि ते इंधन उचलून न्यायलाही इंधन लागतं. शेवटच्या तासाला जाळायचा थेंब आधीचे एकोणीस तास वाहून न्यावा लागतो. मधे उतरून भरणं हे इंधनाच्या हिशेबाने पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं; नॉनस्टॉपमध्ये वाचतो तो फक्त वेळ.

नावाची गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४५ मध्ये, पर्थहून तेव्हाच्या सिलोनमधल्या कोग्गलाला कॅटालिना उडत्या बोटी जायच्या. जपानी हद्दीजवळून, रेडिओ बंद ठेवून, ताऱ्यांवरून दिशा धरत. एका फेरीला सत्तावीस ते तेहतीस तास लागायचे, म्हणून आतल्या माणसांना एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसायचे. त्या ‘डबल सनराइज’ उड्डाणांवरून हे नाव आलं.

एकदम जावं की मधे मुक्काम करावा?

घाई नसेल तर मी मुक्कामाच्या बाजूने आहे. शरीराचं घड्याळ साधारणपणे दिवसाला तासभर सरकतं, आणि इथे नऊ ते अकरा तासांचा फरक भरून काढायचा असतो. पूर्वेकडे जाताना त्रास जास्त होतो, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. त्याला दिवस लांबवणं जमतं, आखडणं जड जातं. मधे एक-दोन रात्री काढल्या की हा फरक दोन टप्प्यांत भरून निघतो.

एकदमच जायचं असेल तर दर दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या. फार वेळ पाय दुमडून बसल्याने पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. आधी तसा त्रास झालेला असेल, गरोदरपण असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा.

विमान बदलायला किती वेळ ठेवावा?

एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर दोन ते तीन तास पुरतात; पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं तर पुढची सोय कंपनी करते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान परत घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं आणि उशिराची जबाबदारी तुमची. तेव्हा पाच-सहा तास ठेवा.

१९८९ चं ते विमान आता कुठे आहे?

सिडनीच्या दक्षिणेला अल्बियन पार्क इथल्या विमान संग्रहालयात. ‘सिटी ऑफ कॅनबेरा’ हे त्याचं नाव. मार्च २०१५ मध्ये ते सिडनीहून तिथे उडत गेलं आणि कायमचं थांबलं. ते शेवटचं उड्डाण जेमतेम पाव तासाचं होतं.